मारानेल्लोचा घोडा, मोनॅकोचा बोळ

बैल गाडी ओढतात, मागून ढकलत नाहीत, असं एन्झो फेरारी म्हणत असे. विषय शेतीचा नव्हता. कूपर नावाच्या एका छोट्या इंग्लिश कंपनीने शर्यतीच्या गाडीचं इंजिन पुढून काढून चालकाच्या पाठीमागे बसवलं होतं. त्या हलक्या, बुटक्या गाड्यांनी फेरारीच्या लांब नाकाच्या गाड्यांना सतावायला सुरुवात केली होती. मे १९५८मध्ये मोनॅकोच्या रस्त्यांवर अशीच एक कूपर पहिली आली. तिच्यामागे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर लुइजी मुसो आणि पीटर कॉलिन्स यांच्या दोन फेरारी होत्या. कूपर चालवणारा मोरीस त्रँतिन्याँ हा फ्रेंच गृहस्थ मारानेल्लोला, म्हणजे फेरारीच्या गावाला, अनोळखी नव्हता. तीनच वर्षांपूर्वी फेरारीला मोनॅकोतला पहिला विजय त्यानेच मिळवून दिला होता.

फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत फेरारीइतक्या शर्यती कुणीही जिंकलेल्या नाहीत. १९५०पासून एकही मोसम न चुकवलेला हा एकमेव संघ आहे. पण २०२५पर्यंत मोनॅकोत अजिंक्यपदाच्या ७१ शर्यती झाल्या आणि त्यांतल्या फेरारीने जिंकल्या फक्त दहा. मधले दुष्काळही लांबलचक आहेत: एक वीस वर्षांचा, दोन सोळा-सोळा वर्षांचे. हे निव्वळ नशीब म्हणून सोडून देता येत नाही. एन्झोची खरी भक्ती इंजिनावर होती. ज्यांना इंजिन बनवता येत नाही त्यांनीच वायुगतिकीच्या नादी लागावं, अशा अर्थाचं एक वाक्य त्याच्या नावावर सांगितलं जातं. मोंझा किंवा स्पाच्या लांब, वेगवान ट्रॅकवर ही भक्ती फळाला येई. मोनॅकोत बारा सिलिंडरचं इंजिन घेऊन जाणं म्हणजे काळबादेवीच्या गल्लीत एक्स्प्रेसचं इंजिन घालण्यासारखं होतं.

जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या या संस्थानात पहिली शर्यत १४ एप्रिल १९२९ रोजी झाली. अँटनी नोगेसने ती भरवली होती आणि बुगाटीत बसलेल्या विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सने ती जिंकली. एरवी बस आणि टॅक्सी जिथून धावतात तेच हे रस्ते. सेंट देवोतच्या छोट्या चर्चपाशी उजवीकडे वळून चढ लागतो, तो कॅसिनोच्या चौकापर्यंत. तिथून मिराबोकडे उतार. मग हॉटेलासमोरचं ते प्रसिद्ध केसाच्या चापासारखं वळण, जिथे फॉर्म्युला वनची गाडी ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास येते. पुढे समुद्राला लागून बोगदा. काळोखातून भर उन्हात आल्याबरोबर बंदराकाठची शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं), ताबाक, पोहण्याचा तलाव, रास्कास. सुरुवातीची रेषा ज्या रस्त्यावर आहे तोसुद्धा धड सरळ नाही, उजवीकडे वाकलेला आहे. आजची फेरी ३.३३७ किलोमीटरची, अशा ७८ फेऱ्या. इतर शर्यती किमान ३०५ किलोमीटरच्या असाव्या लागतात. मोनॅकोला २६० किलोमीटरची सवलत आहे, कारण इथे वेगच तेवढा होत नाही.

फेरारीचं अजिंक्यपदातलं पदार्पण याच रस्त्यांवर झालं. १३ मे १९५० रोजी सिल्व्हरस्टोनला या स्पर्धेची पहिली शर्यत झाली, तिथे फेरारी गेलीच नव्हती. आठ दिवसांनी मोनॅकोला आली. पहिल्याच फेरीत बंदराच्या कठड्यावरून लाट उसळली, ताबाकचा रस्ता ओला झाला, फारिना या चालकाची गाडी फिरली आणि मागच्या नऊ-दहा गाड्या तिथेच एकमेकींवर आदळून संपल्या. आघाडीवरचा हुआन मान्युएल फांजिओ पुढच्या फेरीत त्या वळणाकडे येत होता. प्रेक्षकांचे चेहरे आपल्याकडे नाहीत, पलीकडे वळलेले आहेत, हे त्याला दिसलं आणि त्याने ब्रेक दाबला. अल्फा रोमेओतून शर्यत त्यानेच जिंकली. फेरारीचा अल्बेर्तो अस्कारी एक फेरी मागे राहून दुसरा आला. वाईट सुरुवात नव्हती, पण अर्ध्या गाड्या ताबाकपाशी पडलेल्या होत्या हेही खरंच.

१९५२मध्ये मोनॅकोची शर्यत स्पोर्ट्स कारसाठी भरवली गेली. ती फेरारीच्या व्हित्तोरियो मार्झोत्तोने जिंकली, पण अजिंक्यपदाच्या हिशोबात ती धरत नाहीत.

धरला जाणारा पहिला विजय २२ मे १९५५चा. त्या दिवशी फेरारी जिंकेल असं मारानेल्लोतही कुणाला वाटलं नसेल. मर्सिडीजच्या चंदेरी गाड्या, त्यांत फांजिओ आणि स्टर्लिंग मॉस. त्रँतिन्याँची फेरारी ६२५ जुनाट, आणि सुरुवातीच्या रांगेत नववी. शर्यत शंभर फेऱ्यांची. निम्म्यावर फांजिओ थांबला. ऐंशीच्या घरात मॉसच्या इंजिनातून धूर निघाला. आघाडी आता लान्शियातल्या अस्कारीकडे जायची, पण त्याच सुमारास तो शिकेनपाशी चुकला आणि गाडीसकट बंदरात पडला. पोहत वर आला, मोडलेल्या नाकावर निभावलं. त्रँतिन्याँ आपला शांतपणे गाडी सांभाळत राहिला होता; बाकीचे गळाले आणि तो जिंकला.

चार दिवसांनी, २६ मे रोजी, अस्कारी मोंझाला मित्राची फेरारी स्पोर्ट्स कार दोन-चार फेऱ्या चालवून बघायला बसला आणि अपघातात गेला. १९५२ आणि १९५३ची अजिंक्यपदं त्याने फेरारीला मिळवून दिली होती. आर्थिक अडचणीत आलेल्या लान्शियाने जुलैमध्ये आपल्या गाड्या फेरारीच्या हवाली केल्या आणि त्याच गाड्यांच्या जोरावर फांजिओने पुढच्या वर्षी फेरारीला अजिंक्यपद दिलं. मोनॅकोत मात्र १९५६मध्ये फांजिओने स्वतःची गाडी इतक्या ठिकाणी आपटली की ती सोडून कॉलिन्सची गाडी घ्यावी लागली. तरीही मॉसच्या मासेरातीमागे तो दुसराच आला.

बैल आणि गाडीचा वाद मिटला तोही मोनॅकोतच. १९६०मध्ये फेरारीने इंजिन मागे बसवलेली आपली पहिली ग्रांप्री गाडी इथेच उतरवली आणि रिची गिंथर ती घेऊन सहावा आला. पुढच्या वर्षी शार्कसारख्या नाकाची १५६ तयार होती. त्या मोसमात तिच्या इंजिनाच्या जवळपास कुणी नव्हतं आणि वर्षअखेर अजिंक्यपदही फेरारीच्या फिल हिललाच मिळालं. मोनॅकोत अशा तीन गाड्यांपुढे रॉब वॉकर या खासगी मालकाची, आदल्या वर्षीच्या नमुन्याची लोटस उभी होती. चालक मॉस. इंजिन चारच सिलिंडरचं, फेरारीपेक्षा तीस-चाळीस अश्वशक्तीने कमी. सुरुवातीच्या आधी तिच्या सांगाड्याला तडा सापडला, तो तिथल्या तिथे वेल्ड केला. उकाड्यावर उपाय म्हणून बाजूचे पत्रे काढून टाकले. मॉसची मांडी बाहेरून दिसत होती. शंभर फेऱ्या, पावणेतीन तास. तीन फेरारी आळीपाळीने त्याच्या मागे लागल्या. शेवटी गिंथर ३.६ सेकंदांनी मागे राहिला, तिसरा हिल, चौथा फॉन ट्रिप्स. मॉसच्या कारकिर्दीतली सर्वोत्तम शर्यत म्हणून तिचं नाव घेतात. मारानेल्लोच्या बाजूने पाहिलं तर मात्र हा ताकदीच्या पूजेचा स्वच्छ पराभव होता.

त्यावरून कुणी शहाणं झालं म्हणावं तर १९६६ आहे. त्या वर्षी इंजिनाची मर्यादा तीन लिटरवर गेली. फेरारीकडे दोन पर्याय होते: नवी, जड बारा सिलिंडरची गाडी आणि हलकी, चपळ २.४ लिटरची व्ही-सिक्स. संघातला मुख्य चालक जॉन सर्टीज मोटरसायकलवर आणि मोटारीत, दोन्हीकडे जगज्जेता झालेला माणूस. मोनॅकोसाठी मला छोटी गाडी द्या, असं तो सांगत होता. संघव्यवस्थापक युजेनिओ द्रागोनी यांचं म्हणणं पडलं की मोठ्या चालकाने मोठं इंजिनच चालवलं पाहिजे, फेरारी विकते ती बारा सिलिंडरचीच ना! सर्टीज आघाडीवर गेला आणि थोड्याच फेऱ्यांत गाडीचं ट्रान्समिशन गेलं. छोटी गाडी मिळालेला लोरेन्झो बांदिनी दुसरा आला. पुढच्याच महिन्यात स्पाची शर्यत जिंकूनही सर्टीजने फेरारी सोडली. संघाने हातचा विजय हट्टापायी घालवल्याचं इतकं ढळढळीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

बांदिनी मोनॅकोत नेहमीच चांगला चाले. ७ मे १९६७ रोजी तो डेनी हल्मचा पाठलाग करत दुसऱ्या क्रमांकावर होता. ८२व्या फेरीत थकलेल्या हातांनी शिकेन चुकली. गाडी कडेला आपटून उलटली, तिने पेट घेतला. कडेला सुरक्षेसाठी म्हणून गवताचे भारे रचलेले होते, त्यांनीच आग वाढवली. त्याला बाहेर काढायला फार वेळ लागला. तीन दिवसांनी तो रुग्णालयात गेला, तेव्हा एकतीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी मोनॅकोची शर्यत शंभरवरून ऐंशी फेऱ्यांवर आणली गेली, आणि फेरारी त्या वर्षी मोनॅकोला गेली नाही. गवताचे भारेही काही वर्षांत ट्रॅकवरून हद्दपार झाले. ते पेटतात हे कळायला एक माणूस जावा लागला.

फेरारी बदलली ती सत्तरच्या दशकात. १९६९मध्ये फियाटने निम्मा हिस्सा घेतल्यावर पैसा आला. १९७२मध्ये कारखान्याशेजारीच फियोरानोचा चाचणी ट्रॅक झाला. तांत्रिक सूत्रं माउरो फोर्गिएरीकडे होती आणि १९७४पासून त्याच्या जोडीला निकी लाउडा आला. हा ऑस्ट्रियन तरुण गाडीत काय चुकतं ते न लाजता, न थकता सांगत बसे. इंजिन अजून बारा सिलिंडरचंच होतं, पण आडवं झोपवलेलं, त्यामुळे वजन जमिनीलगत. फोर्गिएरीने पुढची पायरी घेतली: गिअरबॉक्स गाडीच्या लांबीत न ठेवता रुंदीत बसवला. मागच्या चाकांपलीकडे लोंबणारं वजन दोन चाकांच्या आत आलं आणि गाडी वळणात चालकाचं ऐकू लागली. ३१२टी या नावातला ‘टी’ त्या आडव्या गिअरबॉक्सचा. अशी गाडी मोनॅकोसाठीच बनवली असती तरी याहून वेगळी झाली नसती.

१९७४मध्ये जुन्या गाडीतून लाउडाने पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली होती, पण आघाडीवर असताना इग्निशनने दगा दिला. ११ मे १९७५ रोजी नवी ३१२टी पुन्हा पहिल्या जागी उभी राहिली. रस्ता ओला, नंतर वाळत गेलेला. शेवटी तेलाचा दाब उतरत चालला आणि एमर्सन फिटिपाल्डीची मॅकलारेन जवळ येऊ लागली. दोन तासांची मर्यादा संपल्यामुळे शर्यत ७५ फेऱ्यांवर थांबवली गेली तेव्हा लाउडाकडे तीन सेकंदांहून कमी उरले होते. वीस वर्षांनी मोनॅको फेरारीचं झालं. १९७६मध्ये पुन्हा लाउडाच जिंकला. त्याच्यामागे टिरेलच्या सहा चाकांच्या दोन विचित्र गाड्या होत्या. १९७९मध्ये त्याच घराण्यातल्या ३१२टी४मधून जोडी शेक्टर जिंकला. पाच वर्षांत तीन विजय. योगायोग म्हणायला हे जरा जास्तच आहे.

आणि मग १९८१, ज्याने चपळ गाडीचा हा सगळा सिद्धान्त गुंडाळून ठेवायला लावला. त्या वर्षीची १२६सीके म्हणजे दीड लिटरचं टर्बो इंजिन आणि त्याखाली अत्यंत सुमार सांगाडा. पाय दाबल्यावर ताकद यायला वेळ लागे आणि आली की एकदम येई. मोनॅकोत चालवायला याहून वाईट गाडी कल्पनेतही आणता येणार नाही. जिल व्हिलनव्हने ती पहिल्या रांगेत नेऊन उभी केली. शर्यतीआधी बोगद्यावरच्या हॉटेलात आग लागली, ती विझवताना पाणी झिरपून बोगदा ओला झाला आणि सुरुवात लांबली. बोगद्यात ओव्हरटेक करायचं नाही, असा फतवाही निघाला. नेल्सन पिके आघाडीवर असताना भिंतीला भिडला, अ‍ॅलन जोन्सच्या विल्यम्सला इंधनाचा त्रास सुरू झाला. चार फेऱ्या राहिल्या असताना व्हिलनव्हने त्याला गाठून मागे टाकलं. टर्बो इंजिनाचा मोनॅकोतला हा पहिला विजय. श्रेय गाडीला द्यायचं झालं तर ती शेवटपर्यंत मोडली नाही एवढंच.

पुढच्या मे महिन्यात झोल्डरला व्हिलनव्ह गेला. दोन आठवड्यांनी मोनॅकोला फेरारीची एकच गाडी आली, दिदिए पिरोनीची. तिथले शेवटचे क्षण आजही चक्रावून टाकतात. आघाडीवरचा अ‍ॅलन प्रोस्त आदळला. रिकार्दो पात्रेसे पुढे झाला आणि त्याची गाडी फिरली. पिरोनी पुढे झाला, तर शेवटच्या फेरीत त्याची फेरारी बोगद्यातच बंद पडली. पाठचा आंद्रेआ दे चेझारिस इंधन संपून उभा. पात्रेसेने उतारावर गाडी ढकलती सुरू करून शर्यत पूर्ण केली. आपण जिंकलो हे त्यालाच आधी ठाऊक नव्हतं.

यानंतरचं दशक मॅकलारेनचं. १९८४ ते १९९३ या दहा शर्यतींपैकी नऊ त्यांनी जिंकल्या. प्रोस्त आणि आयर्टन सेना यांच्यासमोर फेरारीचा चालक फार तर दुसरा येई. एन्झो १९८८मध्ये गेला.

मायकेल शूमाकरचा फेरारीतला मोनॅकोचा हिशोबही भिंतीवर आपटूनच सुरू झाला: १९९६मध्ये पोल पोझिशन आणि पहिल्याच फेरीत गाडी बाद. ११ मे १९९७ रोजी पुन्हा पाऊस. विल्यम्सच्या जाणकारांनी आकाश उघडेल असं धरून आपल्या दोन्ही गाड्या कोरड्या रस्त्याच्या टायरवर सोडल्या. शूमाकर पावसाच्या बाजूने राहिला. पहिली फेरी संपली तेव्हा तो साडेसहा सेकंद पुढे होता, पाचवी संपली तेव्हा वीसहून जास्त. एकदा सेंट देवोतला तो सरळ निघून गेला, मोकळ्या जागेत गाडी वळवून परत आला, तरी ५३ सेकंदांनी जिंकला. १९९९ आणि २००१मध्येही त्याने शर्यत खिशात घातली.

मग २००४. फेरारीचं असं वर्ष क्वचितच झालं असेल: १८ पैकी १५ शर्यती जिंकल्या. मोसमाच्या पहिल्या तेरा शर्यतींपैकी बारा एकट्या शूमाकरने घेतल्या. उरलेली एक कुठली ते सांगायला नकोच. मोनॅकोच्या बोगद्यात, सेफ्टी कारच्या मागे सगळे हळू चाललेले असताना, हुआन पाब्लो मोंटोयाची गाडी त्याच्यावर आदळली. २००६मध्ये तर शूमाकरने पात्रता फेरीच्या अखेरीस रास्कासच्या वळणात गाडी ‘बंद पाडली’. मागून वेगात येणाऱ्या फेर्नांदो अलोन्सोची फेरी वाया गेली. पंचांनी कित्येक तास तपशील तपासून शूमाकरला सर्वांत मागे पाठवलं. तिथून तो पाचवा आला, हे त्याच्या हुन्नराला शोभणारं. वळणावरचा उद्योग मात्र त्याला शोभला नाही.

भारतीय प्रेक्षकांना २००८ची शर्यत आठवत असेल, ती फेरारीवरच्या रागासकट. फोर्स इंडियाचा तो पहिलाच मोसम. पावसाच्या गोंधळात एड्रियन सुटिल मागून थेट चौथ्या क्रमांकावर आला होता, शर्यत संपत आली होती, आणि बोगद्यातून बाहेर पडताना किमी रायकोनेनची फेरारी ताबा सुटून त्याला मागून धडकली. संघाचे पहिलेवहिले गुण तिथेच गेले. फोर्स इंडियाला मोनॅकोतलं व्यासपीठ मिळायला २०१६ उजाडलं, तेव्हा सर्जियो पेरेझ तिसरा आला.

२०१७मध्ये सेबॅस्टियन व्हेटेलने सोळा वर्षांचा दुष्काळ संपवला, पण गोष्ट तिथून पुढे एका स्थानिक मुलाची होते. शार्ल लक्लेर १९९७मध्ये मोनॅकोतच जन्मला. घरच्या रस्त्यांनी त्याला जे सोसायला लावलं ते परक्यालाही कुणी देणार नाही. २०१९मध्ये फेरारीने त्याला पात्रता फेरीत पुरेसं धावूच दिलं नाही. पहिल्याच टप्प्यात तो बाहेर पडला. २०२१मध्ये पोल पोझिशन मिळाली, ती मिळवताना गाडी आपटलेली, आणि शर्यत सुरू व्हायच्या आधीच ड्राइव्हशाफ्टच्या बिघाडाने ती निकामी ठरली. मे २०२२मध्ये जुन्या गाड्यांच्या सोहळ्यात लाउडाची १९७४ची ३१२बी३ त्याच्या हाती दिली, तर ब्रेक गेले आणि ती रास्कासला ठोकली गेली. दोन आठवड्यांनी खरी शर्यत. पुन्हा पोल, पुन्हा पाऊस, आणि फेरारीच्या डावपेचांचा असा घोळ, की पिटमध्ये ये म्हणून सांगितलं आणि तो आत वळल्यावर नको म्हणून सांगितलं. पहिल्याचा चौथा झाला.

इथे एक फरक नोंदवण्यासारखा आहे. एन्झोच्या काळात फेरारी मोनॅकोत हरे ती गाडीमुळे. अलीकडे ती हरत आली ती पिटच्या भिंतीवर बसलेल्या माणसांमुळे.

२६ मे २०२४ रोजी घोळ घालायला वावच उरला नाही. पहिल्याच फेरीत तीन गाड्यांचा चुराडा झाला आणि शर्यत थांबवली गेली. त्या विश्रांतीत सगळ्यांनी टायर बदलून घेतले. मग उरलेल्या फेऱ्या पिटमध्ये न येता जपून काढायच्या, एवढंच काम राहिलं. पहिले दहा जण ज्या क्रमाने सुरू झाले त्याच क्रमाने पोहोचले. अजिंक्यपदाच्या इतिहासात असं आधी घडलं नव्हतं. पाहणाऱ्यांना कंटाळा आला, मोनॅकोला नाही. लुई शिरोनने १९३१मध्ये बुगाटीतून शर्यत जिंकल्यानंतर ९३ वर्षांनी मोनॅकोचा माणूस घरच्या रस्त्यावर जिंकला होता. शेवटच्या फेऱ्यांत वडिलांची आठवण येऊन समोरचं नीट दिसेना, असं लक्लेरने नंतर सांगितलं. २०१७मध्ये ते गेले होते. मोनॅकोचे प्रिन्स अल्बर्ट डोळे पुसत होते.

खरं तर २०२५पर्यंतच्या गाड्या या रस्त्यांसाठी बेढबच होत्या: दोन मीटर रुंद, पाच मीटरहून लांब. रविवारी कुणी कुणाला मागे टाकू शकत नसे, म्हणून शनिवारची पात्रता फेरी हीच खरी शर्यत झाली होती. २०२५मध्ये दोन वेळा टायर बदलणं सक्तीचं करून पाहिलं गेलं. काही संघांनी एका चालकाला मुद्दाम हळू चालवायला लावून दुसऱ्याला वाट करून दिली, आणि पुढचा क्रम फारसा हललाच नाही. पोलवरून निघालेला मॅकलारेनचा लँडो नॉरिस पहिला आला, लक्लेर दुसरा. मोनॅकोत मॅकलारेनचे विजय त्या दिवशी सोळा झाले. फेरारीचे दहाच राहिले.